एका बुशचा भाव

[दृश्य : जुना लेथ. फिरणारा बार. टूलखालून सुटणारा कीस.]

बडोद्याची मकरपुरा जीआयडीसी, म्हणजे गुजरात सरकारची औद्योगिक वसाहत. लेथच्या चकमध्ये ८० मिलिमीटर व्यासाचा ईएन-८ पोलादाचा बार धरलाय. टूल टेकलं की कीस सुटतो, आधी पांढरा, मग तापून निळा. खाली ट्रेमध्ये त्याचा ढीग होत जातो.

भोवती उभी असलेली मंडळी कारागीर नाहीत. मकरपुरा, सावली, हालोल, अंकलेश्वर इथल्या कारखान्यांच्या खरेदी खात्यातली ही माणसं, भाव कसा बनतो ते शिकायला वर्गाला आलेली. कोटेशनं मागवायची, कम्पॅरेटिव्ह, म्हणजे भावांचा तुलना-तक्ता, काढायचा, पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, सोडायची, हे त्यांचं रोजचं काम. आपण वर्षानुवर्षं घेतो तो बुश, म्हणजे शाफ्टभोवती बसणारी धातूची जाड नळी, प्रत्यक्ष होताना यातल्या अनेकांनी आज पहिल्यांदा पाहिला.

शेडमध्ये सीएनसी (संगणकावर चालणारा लेथ) आहे, पण तिचं दार बंद असतं आणि आत कूलंट उडतो, काही दिसत नाही. म्हणून वर्ग घेणाऱ्या सरांनी मुद्दाम जुना लेथ चालवायला सांगितला.

[दृश्य : इलेक्ट्रॉनिक काटा. आधी कापलेला ठोकळा, मग तयार बुश.]

१०५ मिलिमीटर लांबीचा ठोकळा काट्यावर ठेवला, ४ किलो १५० ग्रॅम. हे वजन काढायला काटाही लागत नाही. व्यासाचा वर्ग करा, १६२ ने भागा, एका मीटरचे किलो मिळतात. लोखंडबाजारातला पोरगा हे तोंडी करतो. आता तयार बुश. बाहेरून ७६, आतून ५०, लांबी १००. काटा दाखवतो २ किलो २० ग्रॅम.

सर विचारतात, "राहिलेलं लोखंड कुठे गेलं?"

सगळे ट्रेकडे बघतात.

"आणि त्याचे पैसे कोणी दिले?"

[दृश्य : वर्ग. फळ्यावर खडू. बाकांवर उघड्या वह्या.]

सर दांडिया बाजारात राहतात. सगळी नोकरी ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात झाली, तीही खरेदीतच. निवृत्तीनंतर त्यांनी हे वर्ग सुरू केले. शिकवतात मराठीत, मध्येच गुजरातीत शिरतात, आकडे मात्र मराठीतच मोजतात.

खरेदीची जुनी पद्धत सगळ्यांना पाठ आहे. तीन पार्ट्यांकडून, म्हणजे माल पुरवणाऱ्यांकडून, भाव मागवायचे, सगळ्यांत खालच्याला फोन लावायचा, "छेल्लो भाव बोलो", शेवटचा भाव सांगा, म्हणायचं, आणि पाच टक्के तुटले की फाइलवर बचत लिहायची. ही पद्धत अगदीच टाकाऊ नाही. बेअरिंग, नट-बोल्ट, वंगण असा बाजारात उघड भाव असलेला माल घेताना भावाशी भाव ताडून पाहिला, मागच्या खरेदीचा दर पाहिला, तरी काम होतं. पण आपल्या ड्रॉइंगप्रमाणे बनणारी वस्तू बाजारात टांगलेली नसते. तिथे तिन्ही पार्ट्या चढा भाव देत असतील, तर सगळ्यांत खालचा भावही चढाच असतो. अशा वेळी भाव उघडावा लागतो. माल किती, मशीन किती वेळ, माणूस किती, वरखर्च किती, नफा किती.

[दृश्य : फळ्यावर एकेक ओळ चढत जाते.]

दर वर्गापुरते धरलेले आहेत, हिशोब खरा आहे. बार ७५ रुपये किलो, म्हणजे ठोकळ्याचे ३११. कीस भंगारात ३० रुपयांनी जातो, २ किलोचे ६० वजा. माल २५१. सीएनसीचा तासाचा दर ५००, एका नगाला १० मिनिटं, झाले ८३. सेटिंगला, म्हणजे मशीन या कामासाठी लावायला, एक तास, तो ५० नगांवर वाटला तर नगामागे १०. कापणी, तपासणी, पॅकिंग मिळून २०. बेरीज ३६४. वरखर्च आणि रिजेक्शनचे १२ टक्के, त्यावर १० टक्के नफा. बुश पडला ४४९ रुपयांना.

समोर बसलेल्या मुलीनं सरावासाठी आणलेल्या कोटेशनवर आकडा आहे ६१०.

वर्गात लगेच गलका होतो. पार्टी लुटते! सर खडू खाली ठेवतात आणि तिला विचारतात, "एका वेळी किती नग मागवतेस?"

"पाच."

[दृश्य : फळ्यावरचा १० पुसून १०० लिहिला जातो.]

सेटिंगचा तास ५० ऐवजी ५ नगांवर वाटला. १० चे झाले १००. वरखर्च आणि नफा धरून भाव १११ रुपयांनी वाढला, आला ५६० वर. पुढचा प्रश्न, पैसे कधी देता? ९० दिवसांनी. १८ टक्के व्याजाने त्याचे २५ रुपये. झाले ५८५. लूट म्हणून जे १६१ दिसत होते, त्यातले १३६ खरेदी खात्यानंच घातले होते. बोलणी करायची ती उरलेल्या २५ रुपयांवर.

आमच्या मते या वर्गाचा गाभा हाच. हिशोब मांडला की पार्टीची चूक दिसते तशी आपलीही दिसते, आणि बहुतेक वेळा आपली आधी दिसते. ९० दिवसांचा प्रश्न तर नुसता रुपयांचाही नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग कायद्याप्रमाणे सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे असतात. त्यापुढे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागतं.

[दृश्य : सीएनसी मशीन. भिंतीवरचं घड्याळ. शिफ्ट बदलताना आत-बाहेर होणारे कामगार.]

तासाचे ५०० कुठून आले? हा प्रश्न विचारणारा खरेदीदार विरळा. समजा मशीन २४ लाखांचं आहे आणि ते १० वर्षं चालेल. वर्षाला २ लाख ४० हजार झीज. वर्षाचे ३०० दिवस. एकाच पाळीत चाललं आणि त्यातला पाऊण वेळच प्रत्यक्ष काम झालं, तर १,८०० तास मिळतात. झीज पडते तासाला १३३ रुपये. दोन पाळ्यांत ३,६०० तास, झीज ६७. मशीन तेच, बुश तोच. वीज, ऑपरेटर, टूल, जागेचं भाडं यावर चढतं. म्हणून पार्टीकडे गेल्यावर चहा घेण्याआधी शेडमध्ये एक फेरी मारा, असं सर बजावतात. किती मशीनं चालू आहेत आणि किती झाकलेली, हे ऑफिसात बसून कळत नाही.

[दृश्य : रॅकवर रचलेले पोकळ बार.]

मागच्या बाकावरून कोणी तरी म्हणतं, "सर, भरीव बार घ्यायचाच कशाला? पोकळ घेऊ."

छान सुचलं. पण सुचलेलंही मोजून पाहावं लागतं. ८० बाहेर, ४५ आत, असा पोकळ बार तेवढ्याच लांबीला २ किलो ८४० ग्रॅम भरतो. किलोचा दर मात्र १००. थोडा कीस वजा करून माल पडतो २५९ ला, भरीवपेक्षा आठ रुपये महाग. इथे कच्चा माणूस वही मिटतो. भोक पाडायचं नसल्यामुळे मशीनची चार मिनिटं वाचतात, ते ३३ रुपये. वजा केले तर नगामागे २५ रुपयांचा फायदा. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये लॉरेन्स माइल्स खरेदीतच काम करत होते. १९४७ च्या सुमारास त्यांनी हाच विचार पद्धतशीर मांडला, ही वस्तू काय काम करते आणि तेच काम आणखी कशानं होईल? व्हॅल्यू अॅनालिसिस निघालं ते खरेदी खात्यातून, हे सर आवर्जून सांगतात. वर्गातल्या मंडळींनी ते ऐकायलाच हवं.

[दृश्य : कलाभवनाची इमारत. कमानी. दुरून.]

बडोद्याला हे नवं नाही. १८९० मध्ये सयाजीराव महाराजांनी कलाभवन काढलं. त्रिभुवनदास गज्जर त्याचे पहिले प्रमुख. कारागिराच्या हाताला शास्त्राची जोड मिळावी आणि ते शास्त्र त्याच्या भाषेतून मिळावं, हा त्यांचा आग्रह. पुढे १९४९ मध्ये विद्यापीठ झालं आणि कलाभवन त्याची तंत्रज्ञान शाखा बनलं. या शहरानं रंगाऱ्याला रसायन शिकवलं, सुताराला ड्रॉइंग शिकवलं. मग कारखान्याचा एवढा पैसा ज्याच्या सहीनं बाहेर जातो, त्या खरेदीच्या माणसाला स्टोअरमधून उचलून नुसतं खुर्चीत का बसवायचं? त्यालाही शाळा हवी. आम्हाला हे कळकळीनं वाटतं.

[दृश्य : ट्रान्सफॉर्मरची कॉइल. गुंडाळली जाणारी तांब्याची पट्टी.]

दुपारचा विषय तांबं. बडोद्याच्या आसपास ट्रान्सफॉर्मर बनतात आणि त्यांच्या किमतीत तांब्याचा वाटा मोठा. तांब्याचा भाव लंडनच्या धातुबाजारात डॉलरमध्ये ठरतो. म्हणजे तांबं जागचं हललं नाही तरी रुपया घसरला की कॉइल महागते. ऑर्डर आज, माल सहा महिन्यांनी. मधला धोका कोणी उचलायचा? त्यासाठी करारात भावबदलाचं कलम घालतात. विद्युत उपकरण उत्पादकांची संघटना, ईमा, दर महिन्याला तांबं, कोअरचा पत्रा, तेल यांचे दर काढते. मूळ महिना धरायचा आणि फरक सूत्रात बसवायचा. पार्टी तांब्याच्या नावाखाली अख्खा भाव वाढवून मागते, तेव्हा हे सूत्र कामाला येतं, कारण वाढ फक्त तांब्याच्या वाट्यावरच लागते. आणि तांबं उतरलं की भाव खाली यायलाच हवा, हेही तेच सूत्र सांगतं.

[दृश्य : बंद शटर. रस्त्यावरची वर्दळ.]

हिशोबाशिवाय भाव चेपला तर पार्टी माल हलका घालते, नाही तर शटर ओढते.

[दृश्य : वर्ग सुटतोय. फळ्याचा फोटो घेणारे मोबाइल.]

पुढच्या शनिवारी प्लास्टिक मोल्डिंग. गृहपाठ दिलाय. आपल्या यादीतल्या सगळ्यांत जास्त पैसा खाणाऱ्या १० वस्तू निवडायच्या, प्रत्येकीचा असा कागद बनवायचा आणि तो पार्टीसमोर ठेवून तिच्याकडूनच दुरुस्त करून आणायचा. बुशवाल्या मुलीनं आजच ऑफिसात फोन लावला. वर्षभराचे नग एकाच पीओत घालून ५०-५० च्या हप्त्यांत उचलता येतील का, ते विचारायला.