ओकोयाँगच्या अंगणातल्या मेरीबाई

नमस्कार श्रोतेहो.

रात्री निजताना या बाई आपल्या खाटेभोवती झोळ्या टांगायच्या. प्रत्येक झोळीत एक तान्हं मूल आणि प्रत्येक झोळीची दोरी बाईंच्या हाताशी. कोणी रडलं की अर्धवट झोपेत तीच दोरी ओढायची. दुसरं रडलं की दुसरी. यातलं एकही मूल त्यांच्या पोटचं नव्हतं आणि बाईंचं लग्नही झालेलं नव्हतं. गावाचं नाव एकेंगे. आजच्या नायजेरियाच्या आग्नेय टोकाला कॅलाबार बंदर आहे, तिथून नदीनं वर जाऊन रानात शिरलं की ओकोयाँग लोकांचा मुलूख लागतो, त्यातलं हे गाव. काळ 1890 च्या आसपासचा. आणि बाई स्कॉटलंडच्या, मेरी स्लेसर.

मिशनच्या कामाबद्दल बोलताना ‘स्त्रियांमधलं कार्य’ असं आपण सहज म्हणून जातो. पण ते कार्य सकाळी उठल्यापासून रात्री निजेपर्यंत नेमकं कसं चालतं, हे फारसं कोणी सांगत नाही. आज मला तेवढंच सांगायचं आहे, मेरीबाईंच्या निमित्तानं.

मेरीबाई जन्मल्या 1848 साली, ॲबरडीनला. वडील चांभारकाम करायचे, पण दारूनं घर बसलं. कुटुंब डंडीला आलं. अकराव्या वर्षी मुलगी बॅक्स्टरच्या गिरणीत लागली. अर्धा दिवस गिरणीत, अर्धा दिवस गिरणीच्याच शाळेत. चौदाव्या वर्षापासून सकाळी सहा ते संध्याकाळी सहा मागावर. वडील झिंगून घरी आले की कधीकधी या पोरीला रात्री रस्त्यावर यावं लागे. नवऱ्याच्या दारूखाली पिचणारी बाई कशी दिसते, हे त्यांना आफ्रिकेत जाऊन शिकावं लागलं नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं. 1876 च्या ऑगस्टमध्ये लिव्हरपूलहून ‘इथिओपिया’ नावाच्या जहाजानं त्या मिशनरी म्हणून कॅलाबारला निघाल्या. त्याच जहाजावर आफ्रिकेत विकायची दारूची पिंपं चढवली जात होती.

कॅलाबारचं मिशन तेव्हा तीस वर्षांचं झालं होतं. 1846 साली होप वॅडेल आणि त्यांचे सोबती जमैकाहून येऊन ते सुरू करून गेले होते. एफिक या तिथल्या भाषेत बायबल छापून झालं होतं. मेरीबाईंनी एफिक अशी काही उचलली की बाजारातली थट्टासुद्धा त्यांना कळायची आणि उलट करताही यायची. सुरुवातीची काही वर्षं त्या मिशनच्या बंगल्यात राहिल्या. पुढे ओल्ड टाउनमध्ये एकट्या राहायला लागल्या तेव्हा कुडाच्या भिंती, चटयांचं छप्पर आणि गावातलं जेवण. याम, म्हणजे आपल्या कोनफळाच्या जातीचा कंद, आणि केळी. याला साधेपणाचं व्रत वगैरे म्हणायचं कारण नाही. पगारातला मोठा भाग त्या डंडीला आईकडे धाडत होत्या आणि विलायती डबे परवडत नव्हते. टोपी गेली, बूट-मोजे गेले, केस आखूड झाले. समाजातल्या इतर गोऱ्या मंडळींना हे फार रुचलं नसावं.

1882 साली त्यांना इबाका नावाच्या गावानं बोलावून नेलं. तिथं एक प्रकरण उभं राहिलं. मुखियाच्या दोन बायका, वय सोळाच्या आसपास, रात्री जनानखान्यातून बाहेर पडल्या आणि जिथं एक मुलगा निजला होता त्या अंगणात शिरल्या. त्यांना साथ देणाऱ्या आणखी दोघी. पंचांनी प्रत्येकीला शंभर फटक्यांची शिक्षा सुनावली. शंभर फटक्यांत माणूस जगत नाही. मेरीबाईंनी पंचांची बैठक बोलावायला लावली. आधी त्या मुलींनाच सगळ्यांसमोर झापलं, म्हणजे वडीलधाऱ्यांचा अहंकार जरा शमला. मग वळल्या त्या वडीलधाऱ्यांकडे: इतक्या कोवळ्या पोरी गोळा करून कोंडून ठेवता, दोष कुणाचा? फार वादावादी झाली, पण शंभराचे दहा झाले. ते दहा मात्र चुकले नाहीत. रात्री पाठीवरच्या जखमा बांधणं आणि अफूचा अर्क पाजून त्या पोरींना झोपवणं, हे बाईंनीच केलं. आता याला प्रवचन म्हणायचं, वकिली म्हणायची की शुश्रूषा? त्यांच्या दिवसात हे वेगळं काढता येत नव्हतं.

1886 च्या सुमारास आई गेली, बहीणही गेली. पैसे पाठवायला आता घर उरलं नाही. 1888 च्या ऑगस्टमध्ये, भर पावसात, पाच सांभाळलेली मुलं घेऊन त्या ओकोयाँगला निघाल्या. क्रीक टाउनचे राजे एयो यांनी आपली होडी दिली. होडीतून उतरल्यावर अंधारात रानातून चार मैल चिखल तुडवत एकेंगे गाठलं. आधी राहायला मिळाली ती मुखिया एडेम यांच्या बायकांच्या वाड्यातली एक खोली. आजूबाजूला सवती, दासी, पोरं, शेळ्या, उंदीर. दार म्हणावं असं काही नाही, एकांत तर नाहीच.

मला वाटतं, त्यांचं ओकोयाँगमधलं सगळं काम त्या खोलीनं घडवलं. कोणत्या बाईला काल मार पडला, कोण बाळंत होणार, कोणावर करणीचा संशय घेतला जातोय, हे देवळात उभं राहून कळत नाही. वाड्यातच त्यांना मा एमे भेटल्या. एडेमची बहीण, विधवा. नवरा वारल्यावर त्याच्या मरणाचा आळ बायकांवर येई आणि प्रत्येकीची परीक्षा घेतली जाई. त्या परीक्षेतून मा एमे वाचल्या होत्या. उघडपणे त्यांना मिशनची बाजू घेता येत नव्हती. म्हणून दोघींनी एक खूण ठरवली. कुठे रक्तपात व्हायची चिन्हं दिसली की मा एमे एक औषधाची बाटली मेरीबाईंकडे पाठवायच्या, भरून द्या म्हणून. नेणाऱ्याला वाटे औषध हवंय. बाटली आली की मेरीबाई निघायची तयारी करायच्या.

आणि निघावं कशासाठी लागे? एक तर जुळ्यांसाठी. जुळ्यांतलं एक सैतानाचं, असा समज. कोणतं ते कळत नाही म्हणून दोन्ही मडक्यात घालून रानात टाकायची आणि आईलाही हाकलून द्यायचं. तिनं पुन्हा त्या वाटेनं पाणी भरायला जायचं नाही, बाजाराला जायचं नाही. कॅलाबारमध्ये 1878 साली इंग्रज अधिकाऱ्यांनी करार करून ही प्रथा बंद करवली होती, पण करार रानात पोचायला वेळ लागतो. मेरीबाई बातमी कळताच धावायच्या, मुलं पेटीत नाही तर टोपलीत घालून घरी आणायच्या. दूध डब्याचं, तेही किनाऱ्याहून यायचं. कित्येक मुलं हाती लागेपर्यंत अर्धमेली झालेली असत आणि दगावत. वाचली त्यातली थोरली जेनी, जिला त्यांनी स्कॉटलंडलाही नेलं होतं.

मूल वाचवणं त्यातल्या त्यात सोपं. आईला पुन्हा माणसात आणणं अवघड. मेरीबाई त्या आईला आपल्या अंगणात ठेवून घेत, सगळ्यांदेखत तिच्या हातचं खात. सुरुवातीला वाड्यातल्या बायका लांबून जायच्या. हळूहळू एखादी थांबायला लागली.

दुसरं कारण एसेरे नावाच्या बीचं. आळ आलेल्या माणसाला ती विषारी बी उगाळून पाजायची. मेला तर गुन्हेगार, ओकून वाचला तर निर्दोष. (या बीतून काढलेलं द्रव्य पुढे काचबिंदूवर औषध म्हणून वापरात आलं.) एडेमचा मुलगा घर बांधताना ओंडका लागून मेला, तेव्हा एका गावातली माणसं पकडून साखळीनं बांधून ठेवली. मेरीबाई आणि मिशनचे सुतार ओव्हन्स आळीपाळीनं रात्रंदिवस पहाऱ्याला बसले. बायांपैकी एकीच्या हाती विषाचा पेला आलाच, तेव्हा बाईंनी तिला पळायला सांगितलं आणि दोघी जीव मुठीत धरून घरापर्यंत धावल्या. मयताला मात्र मेरीबाईंनी असा नटवला होता, कपडे, छत्री, आरसा, की मान राहिला म्हणून बापाचा राग निवळला. शेवटी एकही माणूस बळी गेला नाही.

हे प्रसंग ऐकायला चांगले वाटतात, पण बहुतेक दिवस असे नव्हते. भिंती लिंपणं, छप्पर शाकारणं, जखमा धुणं, क्विनीन वाटणं, अक्षरं शिकवणं. स्वतःला हिवताप यायचाच. कामाच्या गडबडीत वार चुकायचे. एका रविवारी बाई छपरावर चढून ठोकाठोक करताना सापडल्या, त्यांच्या हिशेबानं सोमवार होता!

1892 साली इंग्रज सरकारनं त्यांना ओकोयाँगसाठी व्हाइस कॉन्सल, म्हणजे आपला उपवाणिज्यदूत, नेमलं. न्यायनिवाड्याला त्या विणकाम घेऊन बसत. पुढे इकोत ओबोंगच्या न्यायालयाचं काम पाहिलं तेव्हा पगार नाकारला. बायकांच्या फिर्यादींना तिथं दाद मिळे, यात शंका नाही. तरी एक गोष्ट मला खटकते. सल्ला देणारी शेजारीण आणि साम्राज्याचा अधिकारी एकाच माणसात आले, आणि त्या चिडल्या की मुखियांनाही छत्रीचे तडाखे द्यायच्या. लोकांनी ते हसून घेतलं असेल, पण इंग्रजांच्या तोफा कुठे आहेत हे त्यांनाही ठाऊक होतं.

धर्मांतराचा हिशेब मांडला तर आकडे लहान निघतात. ओकोयाँगमध्ये पंधरा वर्षं काढल्यावर 1903 साली ख्रिस्ती मंडळी, म्हणजे चर्च, स्थापन झाली ती मूठभर माणसांची, बरीचशी बाईंनीच वाढवलेली. आणि मा एमे? त्या शेवटपर्यंत ख्रिस्ती झाल्या नाहीत. मेरीबाईंना याची खंत होती. पण दोघींची मैत्री त्यावरून कमी झाली नाही.

म्हातारपणी मेरीबाई आणखी आत, एन्याँगच्या खाडीकडे सरकल्या. पन्नाशी उलटल्यावर सायकल शिकल्या. तेव्हा त्यांना एक अडचण पुरती कळली होती. तिथली बाई बापाची, नवऱ्याची किंवा मालकाची असायची. या तिघांपैकी कोणीच नसलं तर राहायला जमीन नाही, शेत नाही, कोणी पाठीशी नाही. जुळ्यांच्या आया, टाकलेल्या, विधवा, पळून आलेल्या दासी, यांना प्रार्थनेला बसवलं तरी संध्याकाळी जायचं कुठं? 1908 साली त्यांनी उसे इथं बायकांची वसाहत सुरू केली. फळझाडं लावली, शेळ्या पाळल्या, टोपल्या विणण्यासारखी कामं शिकवायचं ठरवलं. कोणाच्या दयेवर नाही, विकून मिळालेल्या पैशावर बायकांनी राहावं असा बेत होता. आपल्याकडे 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, त्यामागचा विचारही याच्या जवळ जाणारा. दोघींची गाठभेट झाल्याचं मात्र माझ्या वाचनात नाही.

जुळ्यांना वाचवणाऱ्या बाई म्हणून मेरी स्लेसर प्रसिद्ध आहेत. स्कॉटलंडच्या क्लाइड्सडेल बँकेनं 1997 साली दहा पौंडांच्या नोटेवर त्यांचं चित्रही छापलं. मला विचाराल तर मी उसेची वसाहत वरची धरीन. ती त्यांच्या मनाएवढी वाढली नाही, हाताशी माणसं कमी पडली, प्रकृती साथ देईना, आणि 13 जानेवारी 1915 ला उसेलाच त्या वारल्या. पण जुळी मुलं वाचवायला धावत जावं लागतं ते का, याचं उत्तर त्यांनी जमिनीत शोधलं ते तिथं.

श्रोतेहो, वेळ झाली. नमस्कार.