कागदावर लिहून ठेवलेले रंग

मंडळी, एडवर्ड लिअर म्हटलं की इंग्रजी शिकलेल्यांना त्याच्या पाच ओळींच्या वेड्यावाकड्या कविता आठवतात. तो स्वतःला मात्र निसर्गचित्रकार म्हणवायचा. पोटही त्यावरच चालायचं, आणि तेही ओढाताणीनं.

जन्म १८१२ चा, लंडनचा. घरात वीसएक भावंडं, वडील कर्जात बुडालेले, वाढवलं थोरल्या बहिणीनं. अपस्माराचे झटके यायचे, ते त्यानं जन्मभर लपवले. विशीच्या आत पोपटांची देखणी शिळाछापाची (दगडावर रेखाटून छापलेली) चित्रं काढून नाव कमावलं. पण डोळ्यांना ते बारीक काम झेपेना. १८३७ मध्ये आश्रयदात्यांच्या पैशांवर रोमला गेला आणि पुढं इटली, ग्रीस, अल्बेनिया, इजिप्त असा फिरतच राहिला. मधे, १८४६ मध्ये, व्हिक्टोरिया राणीला चित्रकलेचे धडेही दिले.

आज मला बोलायचंय ते त्याच्या कामाच्या पद्धतीबद्दल. जागेवर बसून तो पेन्सिलीनं भराभर रेखाटन करायचा. रंग भरायला वेळ कुठला? मग कागदावरच लिहायचा: इथं जांभळी सावली, इथं गवत, इथं दगड. स्पेलिंग मुद्दाम मोडलेलं, कारण थट्टा करायची हौस. कोपऱ्यात स्थळ, तारीख, बऱ्याचदा वेळही. नंतर सवडीनं, कधी महिन्यांनी, त्याच रेषा शाईनं गिरवून वर जलरंगाचे हलके हात मारायचा. ही टिपणं म्हणजे त्याचं भांडवल. गिऱ्हाईक आलं की त्यांवरून तैलचित्र तयार करायचं. पैशांची निकड असली की मग कारखानाच: १८६३ मध्ये त्यानं साठ जलरंगचित्रं एकाच वेळी मांडून, एक रंग सगळ्यांवर, मग दुसरा सगळ्यांवर, अशी पुरी केली. ती चित्रं थोडी निर्जीव आहेत हे मान्य करायला हवं.

१८७३ च्या नोव्हेंबरात तो मुंबईत उतरला. वय एकसष्ट, अंगानं जड, सोबत कॉर्फू बेटाचा जुना नोकर जॉर्जिओ. बोलावणं होतं व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांचं. जानेवारीत दार्जिलिंगहून कांचनजंगा पाहिला आणि लिअर गोंधळला. हा डोंगर आपलासा वाटत नाही, फार लांब, फार देवासारखा, असं काहीसं त्यानं लिहून ठेवलंय. मला हे लिहिणं फार आवडतं, कारण पुढच्या तैलचित्रांत त्याची उकल दिसते. शिखर फिकट, जवळजवळ हवेत विरघळलेलं. आणि अगदी पुढं गर्द झाडी, नेचे, माणसं. बघणाऱ्याला टेकायला जागा मिळते. ही चित्रं नॉर्थब्रुकसह तिघांनी मागवली होती.

१८७४ च्या पावसाळ्यात त्याचा मुक्काम पुण्यात होता. पुढं दक्षिण, मग सिलोन. तिथं जॉर्जिओ आजारी पडला आणि दौरा आवरता घ्यावा लागला. १८७५ च्या सुरुवातीला दोघं परतले. इटलीतल्या सान रेमोला १८८८ मध्ये लिअर वारला.

भारतातली त्याची बरीचशी रेखाटनं हार्वर्ड विद्यापीठाच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. पाहायला मिळाली तर आधी चित्र बघू नका, त्यावरची ती खरडलेली अक्षरं वाचा.