शिपायाची माफी कोण मागणार?

नमस्कार. गेली काही वर्षं मी नव्यानं लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं वाचते आहे. त्यातल्या प्रेमकथांचा एक प्रकार फार लाडका आहे. आधी वैर, मग प्रेम. तरुण मंडळी त्याला 'एनिमीज टू लव्हर्स' म्हणतात. मलाही तो मनापासून आवडतो. दोन माणसं एकमेकांना चुकीचं ओळखतात आणि मग हळूहळू नीट ओळखायला लागतात, यात केवढी गोष्ट आहे! म्हणूनच ती फसलेली दिसली की मला चुटपुट लागते.

मध्यंतरी वाचलेल्या एका कथेतला प्रसंग सांगते. नायक कंपनीचा मालक. पहिल्याच प्रकरणात तो नायिकेची फाइल सगळ्या स्टाफसमोर टराटरा फाडतो. तुकडे टेबलाखाली पडतात. ते उचलायला शिपाई वाकतो, पन्नाशीचा माणूस. नायक त्याच्यावर खेकसतो, ''तुला कोणी सांगितलं रे?'' पुढे बाराव्या प्रकरणात नायिकेला ताप येतो. नायक रात्रभर तिच्या उशाशी बसून कपाळावर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवतो. पहाटे तिला जाग येते, तर हा खुर्चीतच झोपलेला. आणि तिला उमगतं, आपलं याच्यावर प्रेम आहे.

लिहिणारी मुलगी माझ्यासमोरच बसली होती. मी विचारलं, ''त्या फाइलचं पुढं काय झालं गं?'' ती म्हणाली, ''मॅडम, त्याची आई लहानपणीच गेलेली असते ना, म्हणून तो तसा वागतो.'' मी म्हटलं, ''बरं. आणि शिपाई?'' तिनं पानं मागं उलटली, पुढं उलटली. शिपाई पुन्हा कुठंच आला नव्हता.

आज मला त्या शिपायाबद्दल बोलायचं आहे. पण त्याच्यापर्यंत पोचायला थोडं लांबून यावं लागेल.

जेन ऑस्टिनची 'प्राइड अँड प्रेज्युडिस' १८१३ साली प्रसिद्ध झाली. इथं बसलेल्या पुष्कळांनी ती वाचली असेल, निदान पडद्यावर पाहिली असेल. वैरातून प्रेम म्हटलं की आजही सगळे तिच्याकडेच बोट दाखवतात. गंमत बघा, कादंबरीत एकसष्ट प्रकरणं आहेत आणि नायक डार्सी नायिकेला, एलिझाबेथला, पहिल्यांदा मागणी घालतो ती चौतिसाव्यात. म्हणजे नायकानं मनातलं बोलून टाकल्यावरही सत्तावीस प्रकरणं बाकी आहेत. आपल्याकडच्या हस्तलिखितांत नायकानं 'आय लव्ह यू' म्हटलं की गोष्ट संपत आलेली असते. ऑस्टिनबाईंची खरी गोष्ट तिथून सुरू होते, कारण एलिझाबेथ त्याला साफ नकार देते.

तिच्या नकाराला कारणं आहेत, आणि ती नीट मोजता येतात. त्यानं तिच्या बहिणीचं, जेनचं, जमत आलेलं लग्न मोडायला हातभार लावला. त्यानं विकहॅम नावाच्या तरुणाचं हक्काचं उत्पन्न बुडवलं, असं विकहॅमनंच तिला सांगितलंय. आणि मागणी घालतानाही तो तिच्या घराण्याचा कमीपणा ऐकवतो. आता यातलं काय खरं? जेनबद्दलचं खरं आहे. विकहॅमचं धादांत खोटं आहे. घमेंडीचं पूर्ण खरं आहे. एलिझाबेथ चुकली आहे आणि बरोबरही आहे. या हिशेबावर अख्खी कादंबरी तोलून धरलेली आहे, आणि फसलेल्या कथांमध्ये नेमका तोच हिशेब नसतो. तिथं एक तर नायक खरोखरच दुष्टपणे वागलेला असतो, मग प्रेम पटत नाही. किंवा सगळा नुसता गैरसमज असतो, 'अरे, ती माझी बहीण होती' एवढ्या एका वाक्यानं मिटणारा. मग वैरच पटत नाही. वाचकाच्या मनात येतं, हे वाक्य तिसऱ्या पानावर बोलला असतास तर आपला सगळ्यांचा वेळ वाचला असता.

दुसऱ्या दिवशी सकाळी डार्सी तिच्या हातात एक पत्र देतो. त्या पत्राचं वाचन हा कादंबरीतला माझा सगळ्यात आवडता भाग. वाचायला घेताना तिच्या मनात त्याच्याविषयी रागच भरलेला आहे. ती इतकी घाईघाईनं वाचते की पुढच्या वाक्यात काय असेल या अधीरतेत हातातल्या वाक्याचा अर्थच लागत नाही. शेवटी ती पत्र मिटवून टाकते, पुन्हा म्हणून बघायचं नाही असं ठरवते. आणि अर्ध्या मिनिटात ते पुन्हा उघडलेलं असतं! मग ती विकहॅमबद्दलचा मजकूर एकेक वाक्य करून वाचते. तिला आठवतं, हा माणूस आपल्याला नुकताच भेटलेला, आणि एका परक्या मुलीला त्यानं आपली सगळी कर्मकहाणी ऐकवली. ते शोभतं का, हे तेव्हा आपल्या लक्षातसुद्धा आलं नाही. आणखी आठवतं, 'मी डार्सीला भीत नाही, मी कशाला तोंड लपवू' असं म्हणणारा विकहॅम नंतर शेजारच्या नेदरफील्ड बंगल्यावरच्या नाचाला आलाच नव्हता. पुरावा तिच्या डोळ्यांसमोरच होता. दोन तास ती त्या वाटेवर फिरत राहते आणि स्वतःशी कबूल करते की आजपर्यंत मी मला ओळखतच नव्हते.

इथं नायकाच्या रूपाचा, पैशाचा, रात्रभर केलेल्या शुश्रूषेचा काही संबंध नाही. एका हुशार बाईला आपली चूक स्वतःच्याच आठवणीत सापडते. आणि वाचकालाही सापडते, कारण विकहॅमवर आपणही तितकाच विश्वास ठेवलेला असतो. नवीन लिहिणाऱ्यांना मी सांगते, नायिकेचा राग वाचकालाही येऊ द्या. तिच्याबरोबर त्यालाही फसू द्या. मग ती वळेल तेव्हा तोही वळेल. तुम्ही पहिल्या पानापासून नायकाच्या खांद्यांचं आणि डोळ्यांचं वर्णन करत बसलात, तर हा शत्रू नाही हे वाचकाला तेव्हाच कळतं. मग नायिकेचं चिडणं नुसतं नाटक वाटायला लागतं, आणि मुलगी विनाकारण आगाऊ दिसते. नायिका 'आवडत नाही' अशी तक्रार वाचक करतात ना, त्यातल्या कितीतरी वेळा दोष त्या बिचारीचा नसतो. लेखकानं तिला रागावण्यापुरतं कारणच दिलेलं नसतं.

आता शिपायाकडे येते. पत्रामुळे एलिझाबेथचा गैरसमज दूर झाला, पण प्रेम जमलेलं नाही. काही महिन्यांनी ती मामा-मामींबरोबर फिरायला जाते आणि डार्सीचं पेम्बर्लीचं घर बघते. तो गावात नाही अशा खात्रीनं. घर दाखवते तिथली कारभारीण, मिसेस रेनॉल्ड्स. ही वयस्कर बाई सहज बोलता बोलता सांगते की मी मालकांना ते चार वर्षांचे होते तेव्हापासून ओळखते, आणि आजवर त्यांनी मला एक वाकडा शब्द बोललेला नाही. एलिझाबेथ थक्क होऊन ऐकत राहते. तिनं पाहिलेला डार्सी बरोबरीच्या लोकांत तुसडा आहे. जे त्याच्या अन्नावर जगतात, ज्यांना तो वाट्टेल ते बोलू शकला असता, त्यांच्याशी तो कधी तसा वागला नाही. ही साक्ष प्रेमात पडलेल्या बाईची नाही, पगारी नोकराची आहे. म्हणून ती एवढी वजनदार ठरते.

आता आठवा, आमच्या त्या कथेतला नायक शिपायावर कसा खेकसला होता. नायिकेच्या कपाळावर त्यानं रात्रभर पट्ट्या ठेवल्या, खरं आहे. पण ती तर त्याला हवी आहे! जो आपल्याला हवाय त्याच्याशी गोड वागायला मोठं मन लागत नाही. एलिझाबेथची धाकटी बहीण लिडिया पुढे विकहॅमबरोबर पळून जाते, तेव्हा डार्सी तिची अब्रू वाचवतो. ज्या विकहॅमचं तोंड बघू नये त्याच्याशी वाटाघाटी करतो, त्याची देणी भागवतो, आणि हे एलिझाबेथला कळू नये अशी तजवीज करतो. तिला ते कळतं मामीच्या पत्रातून. आपले नायक मात्र जे काही चांगलं करतील ते नायिकेच्या डोळ्यांदेखत करतात.

हे काही फक्त विलायतेतलं शहाणपण नाही. आपल्याकडे खाडिलकरांचं 'संगीत मानापमान' १९११ साली रंगभूमीवर आलं, चाली गोविंदराव टेंब्यांच्या, भामिनी साक्षात बालगंधर्व. पदं आपल्या ओठांवर आहेत, कथानकाकडे मात्र आपलं दुर्लक्ष होतं. श्रीमंतीच्या तोऱ्यात भामिनी गरीब सेनापती धैर्यधराला नाकारते, त्याचा अपमान करते. पुढे तीच वनमाला बनून, साध्या वेषात त्याच्या छावणीत जाते. नाटककारानं तिच्या अंगावरची श्रीमंती आधी उतरवून ठेवली आणि मग तिला माणूस बघायला लावला, तोही त्याच्या कामात असलेला. 'शूरा मी वंदिले' हे तिचं पद ऐकताना मला दरवेळी तो शब्द ऐकू येतो, शूर. धनाचं माप टाकून तिनं दुसरं माप हातात घेतलंय. तिचं प्रेम पटतं ते त्यामुळे.

याच्या उलट शेक्सपिअरचं 'टेमिंग ऑफ द श्रू'. वासुदेवराव केळकरांनी त्यावरून 'त्राटिका' केलं आणि शाहूनगरवासी मंडळीनं ते गाजवलं. शेक्सपिअरच्या मूळ नाटकात नवरा बायकोला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही, आणि अखेर ती नवऱ्याच्या आज्ञेत राहण्यावर लांबलचक भाषण करते. मी याला प्रेमकथा मानत नाही. एक माणूस थकून गप्प झालं, एवढंच तिथं घडतं. आज मालकशाही गाजवणारे, मनगट पकडणारे, फोन तपासणारे नायक मी वाचते तेव्हा मला ते नाटक आठवतं, आणि ज्या वयाच्या मुली या कथा वाचतात त्यांची काळजी वाटते.

मग पात्रं सगळी सालस हवीत का? मुळीच नाही. 'एमा' ही कादंबरी लिहायला घेताना ऑस्टिन म्हणाल्या होत्या की माझ्याशिवाय कुणाला फारशी आवडणार नाही अशी नायिका मी घेणार आहे. ही एमा श्रीमंत, लाडावलेली, दुसऱ्यांची लग्नं जुळवण्याच्या नादात त्यांच्या आयुष्याशी खेळणारी. बॉक्स हिलच्या सहलीत ती मिस बेट्स नावाच्या गरीब, बडबड्या, प्रौढ अविवाहित बाईची चारचौघांत थट्टा करते. मिस बेट्सचा चेहरा किंचित लाल होतो, आणि ती म्हणते, खरंय, मी जीभ आवरायला हवी. वाचताना आपली मान खाली जाते. एमाच्या घरचे जुने स्नेही मिस्टर नाइटली नंतर तिला एकटीला गाठून बोलतात. त्यांचा मुद्दा एवढाच, ती बाई तुझ्या बरोबरीची असती तर मी काही म्हटलं नसतं. ती गरीब आहे, आणि तिची परिस्थिती अजून खालावणार आहे. एमाला गाडीत बसल्यावर रडू येतं, आणि घरी पोचेपर्यंत ते थांबत नाही.

नावडत्या नायिकेचं काय करायचं हे इथं शिकायला मिळतं. तिचं वागणं वाईट होतं हे लेखिकेला पक्कं ठाऊक आहे. फाइल फाडणारा नायक वाईट वागला हे आमच्या त्या मुलीला ठाऊकच नव्हतं, तिला तो रुबाब वाटला होता. आणि आई वारल्याचं दुःख म्हणाल, तर त्यानं वागणं समजतं, फिटत नाही.

त्या मुलीनं कथा पुन्हा लिहायला नेली आहे. जाताना तिनं मला विचारलं, ''मॅडम, मग त्यानं शिपायाचे पाय धरायचे का?'' मी तिला एमाची दुसरी सकाळ वाचायला सांगितली. एमा चालत मिस बेट्सच्या घरी जाते. दाराशी पोचते तर आत धावपळ, कुजबुज. मोलकरीण बावरलेली. एमाला आत घेतात तेव्हा मिस बेट्स आणि तिची भाची दोघी घाईनं शेजारच्या खोलीत शिरताना दिसतात. थोड्या वेळानं मिस बेट्स बाहेर येते, नेहमीसारखी आभार मानत, पण नेहमीपेक्षा जरा अवघडलेली. एमा माफीचं भाषण करत नाही. ती भाचीची चौकशी करते, आणि मिस बेट्सचं लांबलचक बोलणं, ज्याची तिनं आदल्या दिवशी थट्टा केली होती, ते बसून शेवटपर्यंत ऐकते.