दोन रकान्यांची वही

नमस्कार, श्रोतेहो.

‘समुपदेशन’ या शब्दात ‘उपदेश’ दडलेला असल्यामुळे की काय, माझ्याकडे येणारी बहुतेक माणसे आता आपल्याला चार गोष्टी ऐकून घ्याव्या लागणार, अशा तयारीने येतात. नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीत पॅकिंगचे काम करणाऱ्या एक बाई अशाच आल्या होत्या. त्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत. घरी रविवार कारंजावर खरेदीला जाते असे सांगून त्या निघाल्या होत्या आणि पिशवी मांडीवर घट्ट धरून खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या. “मॅडम, मला काहीच जमत नाही,” हे त्यांचे पहिले वाक्य. नववीत शाळा सुटल्यापासून घरातले कोणी ना कोणी ते म्हणत आले होते आणि पुढे दुसऱ्या कोणी म्हणण्याची गरजच उरली नव्हती.

अशा वेळी “छे, तुम्ही तर किती हुशार आहात” असे म्हणण्याचा मोह मी टाळते. ज्या मनाने स्वतःविरुद्ध निकाल देऊन ठेवला आहे, ते मन कौतुक करणाऱ्यालाच भाबडे ठरवते आणि ते कौतुक जिना उतरेपर्यंतही टिकत नाही. मी त्यांना एक वही घ्यायला सांगितली. पानाच्या मधोमध उभी रेघ, डावीकडे मनात आलेले वाक्य आणि उजवीकडे त्या दिवशी प्रत्यक्ष काय घडले ते. विचाराला पुराव्यासमोर उभे करण्याची ही रीत अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञ अ‍ॅरन बेक यांनी १९६०च्या दशकात रुजवली.

तिसऱ्या आठवड्यातही त्यांचा उजवा रकाना कोराच होता. बोलता बोलता मात्र गल्लीतल्या पंधरा जणींच्या भिशीचा विषय निघाला. तिचा हिशेब सहा वर्षे याच बाईंकडे होता. “ते काय, नुसता हिशेब तर आहे,” असे त्या सहज म्हणाल्या आणि मी तिथेच थांबले, कारण ‘नुसता’ या एका शब्दाने त्या आपले सहा वर्षांचे काम पुसून टाकत होत्या. त्या दिवशी उजव्या रकान्यात पहिली ओळ लिहिली गेली आणि डावीकडच्या वाक्यातला ‘काहीच’ त्यांनी स्वतःच्या हाताने खोडला.

आत्मसन्मान वाढला की माणूस गर्विष्ठ होतो, ही भीती आपल्याकडे, विशेषतः मुलींच्या बाबतीत, फार खोल आहे आणि ती मला अन्यायाची वाटते. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी १९६५ साली आत्मसन्मान मोजण्यासाठी दहा विधानांची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात इतरांहून श्रेष्ठ असल्याचा दावा कुठेच नाही; निदान इतरांच्या बरोबरीने तरी मी मोलाची आहे असे वाटते का, एवढेच तिथे विचारले जाते.

वहीने सगळेच भागते असे मात्र नाही. आपण निरुपयोगी आहोत ही भावना दोन आठवड्यांहून अधिक काळ दिवसभर सोबत राहिली, झोप आणि भूक गेली किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जाण्यात उशीर करू नये. केंद्र सरकारची ‘टेली-मानस’ ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते.

त्या बाईंनी यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसायचे ठरवले आहे. पण मला अधिक मोलाची वाटली ती त्यांनी गेल्या भेटीत सांगितलेली गोष्ट. भिशीत एकीने हिशेब चुकल्याचे म्हटले. एरवी तिथल्या तिथे माफी मागून त्या रात्रभर रडल्या असत्या. या वेळी त्यांनी वही उघडली, तिच्या शेजारी बसून बेरीज पुन्हा केली, आपलेच पन्नास रुपये चुकल्याचे पाहिले, ते देऊन टाकले आणि घरी जाऊन भाकरी थापायला घेतल्या.