पडण्याची किंमत : 'प्रिन्स ऑफ पर्शिया'ची पस्तीस वर्षं

(दृश्य : वरुड तालुक्यातलं एक गाव. वाचनालयाच्या खोलीत जुना लॅपटॉप, समोर तीन पोट्टे. बाणांच्या चार कळा आणि शिफ्ट जवळून.)

निवेदन :
पडद्यावर 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा संगणकावरचा जुना खेळ चालू आहे. तळघर आहे. फरशी संपते तिथे राजपुत्र उभा आहे. बाणांवर एकाची बोटं, शिफ्टवर दुसऱ्याचं बोट, आणि तिसरा सांगतोय, "थांब, अजून एक पाऊल."

तिसऱ्याचं बरोबर आहे. शिफ्ट धरून बाण दाबला की राजपुत्र जपून एकेक पाऊल टाकतो. कडेला आला की पाय पुढे करून चाचपतो आणि थांबतो. तीच कळ पुन्हा दाबली, तर मात्र खाली जातो. एक मजला पडला तर काही होत नाही. दोन मजले पडला तर एक जीव कमी. तीन मजले म्हणजे मरण. 'प्रिन्स ऑफ पर्शिया'च्या मालिकेतल्या जवळपास प्रत्येक खेळानं याच प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलं : पडल्यावर काय गमवायचं?

(दृश्य : पांढऱ्या कपड्यातल्या धावणाऱ्या मुलाची रेखाटनं, एकापुढे एक.)

निवेदन :
जॉर्डन मेकनर यांनी हा खेळ ॲपल टू या संगणकासाठी केला. तो १९८९ मध्ये ब्रॉडरबंड कंपनीनं बाजारात आणला. त्याची तयारी १९८५ पासूनची. मेकनर यांनी धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला, लटकायला लावलं आणि व्हिडिओ कॅमेऱ्यानं ते टिपलं. मग टीव्हीवर एकेक चित्र थांबवून त्याचा फोटो काढला. छापलेल्या फोटोवर काळ्या मार्करनं आणि पांढऱ्या रंगानं आकृती ठसठशीत केली आणि ती संगणकात घेतली. तलवारबाजीसाठी १९३८ च्या रॉबिन हूड सिनेमातलं द्वंद्व वापरलं. संगीत त्यांच्या वडिलांचं, फ्रान्सिस मेकनर यांचं.

या मेहनतीमुळे खेळाचा स्वभावच ठरला. खऱ्या माणसाची हालचाल मधेच तोडता येत नाही. धावणारा राजपुत्र कळ सोडल्याबरोबर थांबत नाही; उताराला लागलेल्या बंडीसारखा तो थोडा पुढे जातोच. म्हणून नवखा खेळाडू खड्ड्याच्या तोंडाशी उडीची कळ दाबतो आणि पडतो. कळ आधी दाबावी लागते. सवय होईपर्यंत सोपा उपाय असा : शिफ्टनं कडेपर्यंत जा, अंतर डोळ्यात भरून घ्या, मागे फिरून काही पावलं घ्या, मग पळत येऊन उडी मारा. उडी तोकडी पडली तर हवेतच शिफ्ट दाबा, म्हणजे पलीकडची कड हाताला लागते.

जमिनीतून वर येणाऱ्या खिळ्यांमधून शिफ्ट धरून चालत गेलात तर ओरखडाही येत नाही. पळालात तर संपलात. सैल फरशी ओळखायची असेल तर जागेवर वर उडी मारा. सैल असेल ती हलते.

(दृश्य : चौथी लेव्हल. आरसा.)

निवेदन :
आता या खेळातला सगळ्यात सुंदर भाग. नवीन शत्रूची चित्रं ठेवायला मेमरीत जागा उरली नव्हती. तेव्हा राजपुत्राचीच चित्रं वापरून त्याची सावली उभी केली. चौथ्या लेव्हलला आरसा वाट अडवतो. पळत येऊन त्यातून उडी मारली की सावली उलट दिशेला निघून जाते आणि तुमचा एकच जीव शिल्लक राहतो. पाचव्या लेव्हलला ती तुमच्या आधी औषधाची बाटली पिते. सहाव्याला गेट बंद करून तुम्हाला खाली पाडते. बाराव्या लेव्हलला ती तलवार काढून समोर येते. तिच्यावर केलेला प्रत्येक वार तुमचाच एक जीव कमी करतो. तिथे खालचा बाण दाबून तलवार म्यान करायची आणि सरळ तिच्याकडे चालत जायचं. दोघं एक होतात. जागेच्या टंचाईतून इतकं चांगलं कोडं निघालेलं दुसरं उदाहरण आम्हाला आठवत नाही.

(दृश्य : लाइन गेलेली. लॅपटॉपचा उजेड.)

निवेदन :
मूळ खेळात ६० मिनिटं मिळतात. मेलात तर लेव्हल पुन्हा सुरू होते, घड्याळ मात्र मागे जात नाही. डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवरच्या आवृत्तीत कंट्रोल-जी दाबून खेळ सेव्ह होतो, पण तिसऱ्या लेव्हलपासूनच. पहिल्या दोनमध्ये लाइन गेली आणि बॅटरी उतरलेली असली, तर सुरुवातीपासून खेळायचं. सेव्हची फाइल एकच असते आणि नवीन सेव्ह जुन्यावर बसतो. त्यात उरलेली मिनिटंही नोंदली जातात. सहाव्या लेव्हलला दहा मिनिटं उरली असताना केलेला सेव्ह कामाचा नाही. म्हणून आधी स्पेस दाबून वेळ बघा, आणि चांगल्या वेळेची फाइल दुसऱ्या नावानं बाजूला ठेवा.

आजच्या ६४-बिट विंडोजवर हा खेळ थेट चालत नाही, डॉसबॉक्स हा जुने डॉस खेळ चालवणारा प्रोग्राम लागतो. आणखी एक अडचण हमखास येते. शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबली की विंडोज स्टिकी कीजबद्दल (शिफ्टसारख्या कळा दाबून न धरता वापरायची सोय) विचारतं आणि खेळ बाजूला पडतो. ती सोय सेटिंगमध्ये आधीच बंद करून ठेवा.

(दृश्य : पुढच्या खेळांची झलक, वेगानं.)

निवेदन :
१९९२ च्या सुपर निन्टेंडो आवृत्तीत २० लेव्हल आणि १२० मिनिटं आली. १९९३ च्या दुसऱ्या भागात ७५ मिनिटं होती. १९९९ मध्ये खेळ थ्रीडी झाला, पण कॅमेरा नीट साथ देईना. कड किती दूर आहे हेच दिसत नसेल, तर मोजून उडी मारायची कशी?

ते उत्तर २००३ मध्ये युबिसॉफ्टच्या माँट्रियल स्टुडिओनं 'सँड्स ऑफ टाइम'मध्ये दिलं. हातातल्या खंजिरातली वाळू खर्च करून काही सेकंद मागे जायचं. चूक पुसता येते, पण वाळू मोजकीच. शिवाय ही सगळी कथा राजपुत्रच सांगतोय, त्यामुळे तुम्ही मेलात की तो म्हणतो, असं घडलंच नव्हतं. भिंतीवरून पळणं आणि खांबावरून झेपावणं इथेच रुजलं. पुढच्या एका भागाची तयारी चालू असताना तिला वेगळं वळण लागलं आणि २००७ मध्ये 'असॅसिन्स क्रीड' जन्मला.

२००८ च्या खेळात तर मरणच नाही. पडलात की राजपुत्राची सोबतीण एलिका हात धरून वर आणते. अनेकांना ते फार सोपं वाटलं. आमच्या मते तक्रार अर्धीच खरी आहे : मागच्या सुरक्षित जागेवरून पुन्हा सुरू करणं हेच इतर खेळ लोडिंगचा पडदा दाखवून करतात. २०१० च्या भागातलं पाणी गोठवण्याचं कोडं मात्र कसदार आहे. गोठलेली धार पकडून लटकायचं, आणि पुढच्या धबधब्यातून आरपार जायचं असेल तर हवेत असतानाच कळ सोडायची.

जानेवारी २०२४ मध्ये 'द लॉस्ट क्राउन'नं खेळ पुन्हा बाजूनं दिसणारा केला. खिळ्यांवर पडलात तर थोडी ताकद जाते आणि मागच्या सुरक्षित जागी परत येता. न सुटलेल्या कोड्याचा फोटो नकाशावर टाचून ठेवता येतो, म्हणजे नवी शक्ती मिळाल्यावर कुठे परतायचं ते विसरत नाही. असे फोटो मोजकेच मिळतात, ते जपून वापरा.

(दृश्य : चौकटीची वही, पेन्सिल.)

निवेदन :
मूळ खेळाचा सोर्स कोड, म्हणजे लिहिलेला मूळ प्रोग्राम, मेकनर यांच्या वडिलांना एका खोक्यातल्या फ्लॉपींवर सापडला आणि २०१२ मध्ये इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला झाला. हौशी लोकांनी लेव्हल एडिटरही, म्हणजे स्वतःच्या लेव्हल रचायचे प्रोग्राम, केले आहेत. स्वतःची लेव्हल आखायला सुरुवातीला वही पुरते. एक पडदा म्हणजे १० चौकटी रुंद आणि ३ उंच. एका लेव्हलमध्ये जास्तीत जास्त २४ पडदे.

चुका दोन ठिकाणी होतात. गेट उघडायचं बटण इतकं दूर ठेवलं जातं की पोचेपर्यंत गेट खाली येतं. आणि सैल फरशी परतीच्या वाटेवर ठेवली, तर ती पडल्यावर खेळाडू जिवंत असूनही अडकून बसतो. पण हीच सैल फरशी बटणाच्या बरोबर वर ठेवून बघा. ती पडली की बटण दबलेलंच राहतं आणि गेट कायमचं उघडं. खेळाडूनं पळायचं की फरशी पाडायची, हे त्याला स्वतःला शोधू द्या.