दुसरं प्रकरण: संशोधन साहित्याचा आढावा

(दृश्य: काटोल परिसरातली संत्र्याची बाग. काही झाडं हिरवी, काही शेंड्याकडून वाळत आलेली.)

काटोल, नरखेड, वरुडच्या पट्ट्यात झाड का वाळतंय, हा प्रश्न जुना आहे. त्यावर काम करणाऱ्या संस्थाही जवळच आहेत. केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था नागपूरची, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्यूरो नागपूरचा, आणि १९०६ सालचं कृषी महाविद्यालयही इथलंच. या विषयावर पीएचडी करणाऱ्याला वाचायला भरपूर मिळतं. तरीही प्रबंधाचं दुसरं प्रकरण फसतं. 'अमुक यांनी हे पाहिलं, तमुक यांनी ते पाहिलं' अशी पानंच्या पानं भरतात, आणि उत्तर कुठवर आलंय हे परीक्षकाला शेवटपर्यंत कळत नाही.

आढावा प्रश्नाच्या क्रमाने लिहायचा असतो, लेखकांच्या क्रमाने नाही. म्हणून आधी प्रश्न नेमका करा. 'संत्र्याचा ऱ्हास' हा नुसता विषय झाला. 'विदर्भातल्या भारी काळ्या जमिनीत खुंटानुसार मूळकूज कमीजास्त होते का?' हा प्रश्न आहे. ठिकाण, जमीन, रोग, खुंट (ज्या मुळाकडच्या रोपावर संत्र्याचं कलम बांधतात ते) ही चारही अंगं त्यात आली, आणि शोधायचं काय तेही ठरलं.

(दृश्य: ग्रंथालयातला संगणक, शोधाची चौकट.)

आता प्रत्येक अंगाची पर्यायी नावं लिहून काढा. हेच फळ कुठे 'नागपूर मँडरिन' असतं, कुठे 'सिट्रस रेटिक्युलाटा', तर कुठे नुसतं 'ऑरेंज'. मूळकुजीच्या एका रोगकारकाला आज 'फायटोफ्थोरा निकोशियानी' म्हणतात. जुन्या शोधनिबंधांत तोच 'फायटोफ्थोरा पॅरासिटिका' आहे. जुनं नाव टाकलं नाही, तर जुनं काम समोर येतच नाही. पर्यायी नावं 'ऑर'ने जोडा, वेगवेगळी अंगं 'अँड'ने, आणि सलग शब्द अवतरणचिन्हांत ठेवा.

गूगल स्कॉलर सुरुवातीला बरं, पण तेवढ्यावर थांबू नका. विद्यापीठांचे प्रबंध शोधगंगावर आहेत, कृषी विद्यापीठांचे कृषिकोशवर पाहा. सरकारी संस्थांना १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मधून मोठ्या प्रकाशकांची नियतकालिकं खुली झाली आहेत. आपल्या ग्रंथपालांना विचारा. आणि प्रत्येक शोधाची नोंद त्याच दिवशी ठेवा: तारीख, कुठे शोधलं, कोणते शब्द टाकले, किती निकाल आले, किती घेतले. सहा महिन्यांनी गाइडने विचारलं, तर ही वहीच उत्तर देते.

निकालांची छाननी दोनदा करायची. पहिल्यांदा शीर्षक आणि सारांश पाहून, दुसऱ्यांदा पूर्ण निबंध वाचून. निबंध का वगळला, ते एका ओळीत लिहून ठेवा. हाती राहिलेल्या चांगल्या निबंधाची संदर्भसूची मागे नेते, आणि त्याला पुढे कोणी उद्धृत केलं ते पाहिलं की नवं काम सापडतं. नव्या निबंधांतही तेच ते ओळखीचे संदर्भ दिसू लागले, की शोध पुरेसा झाला असं समजावं.

(दृश्य: पडद्यावर मोठा तक्ता.)

खरं काम या तक्त्यात आहे. एका ओळीत एक निबंध. रकाने असे: वर्ष, ठिकाण, जमिनीचा प्रकार, खुंट, झाडांचं वय, प्रयोग कुंडीत की बागेत, नमुने किती, निष्कर्ष, मर्यादा. वाचताना लगेच भरा. मागाहून भरायचं म्हटलं की सगळं पुन्हा वाचावं लागतं.

भरून झाल्यावर तक्ता उभा वाचा, म्हणजे एकेक रकाना वरून खाली. जंबेरी खुंट मूळकुजीला लवकर बळी पडतो आणि रंगपूर लाइम त्या मानाने तग धरतो, असं सर्वसाधारण चित्र आहे. एखाद्या निबंधात दोघांत फरक दिसला नसेल, तर तो टाळू नका. त्याच्या बाकीच्या रकान्यांत कारण शोधा. रोपं कुंडीतली होती का? जमिनीचा निचरा चांगला होता का? तुमचा परिच्छेद या फरकाभोवती उभा राहतो: किती अभ्यास एका बाजूचे, किती दुसऱ्या, फरक कशामुळे असावा, आणि कोणती परिस्थिती अजून कोणी तपासलेलीच नाही. ती न तपासलेली परिस्थिती म्हणजे तुमच्या संशोधनाची जागा. तक्ता न करता 'या विषयावर काम झालेलं नाही' असं लिहिणं धोक्याचं. मौखिकीत परीक्षक नेमका तुमच्या नजरेतून सुटलेला निबंध पुढे करतात.

दुसऱ्याच्या निबंधातून संदर्भ उचलून मूळ निबंध वाचल्यासारखा दाखवणं, हा सगळ्यात पसरलेला दोष. आकडे असेच चुकतात, आणि ती चूक प्रबंधामागून प्रबंधात जाते. मूळ निबंध मिळालाच नाही, तर 'अमुक यांच्याकडून उद्धृत' असं सरळ लिहा. एआयने दिलेला संदर्भ डीओआय (निबंधाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक) उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका. कधी कधी असा निबंध अस्तित्वातच नसतो. निबंध मागे घेतला गेलेला नाही ना, हेही पाहा.

साम्याचा, म्हणजे मजकूर दुसऱ्याच्या लिखाणाशी जुळण्याचा, प्रश्नही याच प्रकरणात जास्त येतो, कारण सारांशातली वाक्यं थोडी फिरवून लिहिली जातात. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांत सुधारित प्रबंध द्यावा लागतो, आणि ६० टक्क्यांच्या वर नोंदणीच रद्द होते. निबंध बाजूला ठेवून तक्त्यावरून लिहिलं, तर वाक्य आपोआप तुमचं होतं.

प्रबंध सादर करण्याच्या महिनाभर आधी वहीतले तेच शब्द पुन्हा टाका, मधल्या काळातले निबंध तक्त्यात घ्या, आणि शोधाची शेवटची तारीख प्रकरणात लिहा.