आधी आई दाखवा

नमस्कार. सोलापुरात माझा लहान प्राण्यांचा दवाखाना आहे, त्याला आता २२ वर्षं झाली. एक प्रसंग या काळात मी इतक्यांदा पाहिलाय की तिथूनच सुरुवात करते. रविवारी घरात कुत्र्याचं पिल्लू येतं. मुलं हरखून जातात, नाव ठरतं, फोटो निघतात. गुरुवारी ते खाणं सोडतं, उलट्या करतं आणि शुक्रवारी सकाळी रक्ताचे जुलाब घेऊन माझ्या टेबलावर असतं. तपासणीची पट्टी लावायच्या आधीच वासावरून माझ्या मनात नाव आलेलं असतं, पार्वो. या विषाणूची लागण झाली की लक्षणं दिसायला साधारण ३ ते ७ दिवस लागतात. म्हणजे बहुतेक वेळा ते पिल्लू आजार बरोबर घेऊनच तुमच्या दारात आलेलं असतं.

सलाइन लावता लावता मी विचारते, "याची आई पाहिली होती का?" उत्तर जवळजवळ दर वेळी 'नाही' असंच येतं. कुणी मोबाइलवर फोटो पाहून पैसे पाठवलेले असतात, कुणाला हायवेवरच्या पेट्रोलपंपाशी खोक्यातून पिल्लू मिळालेलं असतं. "आई गावाकडं आहे" असं विकणाऱ्यानं सांगितलेलं असतं आणि यांनी ते मान्य केलेलं असतं.

आज माझा आग्रह एकाच गोष्टीसाठी आहे. पिल्लू पसंत करण्याआधी ते जिथं जन्मलं तिथं जा आणि त्याची आई बघा. खाण तशी माती, असं आपल्याकडं उगाच म्हणत नाहीत.

आई बघायची म्हणजे काय बघायचं? पाजती कुत्री थोडी रोडावलेली असते, तिचे केस गळतात. त्यानं बिचकू नका, ते स्वाभाविक आहे. तिचं वागणं बघा. अनोळखी माणूस आल्यावर ती भुंकली तर बिघडलं नाही, पिल्लांची आई आहे ती. पण मालकानं दोन शब्द बोलल्यावर ती निवळते का? पाच-दहा मिनिटांनी येऊन तुमचा हात हुंगते का? की मालकाचा हात वर गेला तरी अंग चोरून कोपऱ्यात शिरते? भित्रेपणा काही अंशी रक्तातून येतो आणि उरलेला पिल्लं आईकडं बघून शिकतात. आई दचकली की पिल्लंही दचकतात.

मग विचारा, "हे कितवं वेत? मागचं कधी झालं?" कुत्र्यांच्या पैदाशीबद्दल आपल्या देशात २०१७ सालापासून केंद्र सरकारचे नियम आहेत. १८ महिन्यांच्या आतल्या आणि ८ वर्षांच्या पुढच्या मादीची पैदास करायची नाही, वर्षात एकच वेत आणि आयुष्यात पाचांपेक्षा जास्त नाहीत. ब्रीडरची, म्हणजे पैदास करून पिल्लं विकणाऱ्याची, राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी हवी. नोंदणीचं प्रमाणपत्र मागायला संकोच करू नका. नीट काम करणारा माणूस ते आपण होऊन दाखवतो.

वडील तिथं नसले तर मात्र लगेच संशय घेऊ नका. चांगला ब्रीडर आपल्या मादीला शोभेल असा नर शोधत दुसऱ्या शहरातही जातो. त्या नराचे कागद आणि तपासण्या दाखवता आल्या की झालं.

कागदांबद्दल एक गैरसमज फार पक्का बसलाय. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे पेपर म्हणजे वंशावळ. कोणाचं पोर, कोणाचं नातवंड, एवढं त्यातून कळतं. त्याचे खुबे कसे आहेत, हे त्यात नसतं. लॅब्रॅडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा सांधा सैल असण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. दोष असलेला कुत्रा वर्षानुवर्षं न लंगडता हिंडू शकतो, म्हणून "आई-बाप दोघंही धडधाकट आहेत" हे उत्तर पुरत नाही. दोघांचे खुब्यांचे एक्स-रे मागा. दीड वर्षाचा, उठता न येणारा लॅब्रॅडॉर आणि त्याला उचलून आणणारे आजोबा मी पाहिलेत. त्याच्या आई-बापांचे एक्स-रे पैदाशीआधी काढले असते तर कदाचित ही वेळ आली नसती.

आता वयाचं. "पस्तीस दिवसांचं द्या, लहानपणीच लळा लागतो," असं म्हणणारे खूप भेटतात. ८ आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला नियमानं मनाई आहे, आणि त्यामागं कारण आहे. पाचव्या ते आठव्या आठवड्यात पिल्लं एकमेकांशी झोंबतात. एकानं जोरात चावलं की दुसरं केकाटतं आणि खेळ थांबतो. दूध पिताना दात लागले की आई उठून जाते. दात किती जोरानं लावायचे, हे तिथं शिकलं जातं. ज्याला हे शिकायला मिळालं नाही, ते पुढं तुमच्या मुलांच्या हातांवर शिकतं.

"ट्रेन केलेलं पिल्लू" अशी जाहिरात वाचली तर त्याचा अर्थ समजून घ्या. दोन महिन्यांचं पिल्लू बस म्हटल्यावर बसलं तर कौतुकच आहे, पण मला त्यापेक्षा कुकरच्या शिट्टीला न घाबरणारं पिल्लू हवं. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत कुत्र्याचं मन जगाला सर्वांत जास्त खुलं असतं. या काळात माणसं, लहान मुलं, झाडूचा आवाज, फरशी, माती, गवत, पंजे आणि कान हाताळले जाणं, हे सगळं रोजचं झालं पाहिजे. यातला निम्मा काळ ब्रीडरच्या हातात असतो. शिवाय पिल्लू तीन आठवड्यांचं झालं की आपण होऊन झोपायच्या जागेपासून दूर जाऊन शी-शू करायला बघतं. त्याला जागाच दिली नाही, पिंजऱ्यात कोंडलं, तर घाणीत झोपायची सवय लागते. ती मोडायला पुढं महिने जातात. म्हणून पिल्लांची जागा बघताना झोपायचा कोपरा आणि घाण करायचा कोपरा वेगळा आहे का, एवढं जरूर बघा.

आपल्या भागातला कारवान बघायला एका कुटुंबाबरोबर मी लातूरकडं गेले होते. कर्नाटकातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी वाढवलेला, २००५ साली टपाल तिकिटावर आलेला हाच तो शिकारी कुत्रा. शर्यतींपायी त्यात ग्रेहाउंड या विदेशी कुत्र्याचं रक्त मिसळलं जातं, म्हणून आम्ही नीट चौकशी करून गेलो होतो. तो शेतकरी आम्हालाच प्रश्न विचारायला लागला. "फ्लॅट का घर? पळवायला मोकळं रान कुठंय? दिवसभर घरी कोण असतं ताई?" शेवटी म्हणाला, "डॉक्टरीणबाई, याच्या अंगावर चरबी नसती, भूल देताना ध्यान ठेवा." अगदी खरं आहे ते. सडपातळ शिकारी कुत्र्यांना भुलीची काही औषधं जड जातात. त्यानं त्या दिवशी पिल्लू दिलं नाही. पुढच्या वेताला बोलवतो म्हणाला, आणि आठ महिन्यांनी खरंच फोन केला. मी त्याला उत्तम ब्रीडर म्हणते.

लसीचं कार्ड घेताना त्यावर बाटलीचं लेबल चिकटवलेलं आणि डॉक्टरांची सही आहे ना, तपासा. एका डोसानं संरक्षण पुरं होत नाही. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती लसीला आडवी येते, म्हणून १६ आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर.

आणि निघताना ब्रीडरकडून एक गोष्ट मागून घ्या. आईच्या अंगाखालच्या गोधडीचा हातभर तुकडा. धुवू नका तो. पहिल्या रात्री पिल्लू रडेल, कारण जन्मल्यापासून ते एकटं झोपलेलंच नसतं. तुमच्या पलंगाशेजारी त्याचं अंथरूण घाला, त्यात तो तुकडा ठेवा. ते नाक खुपसून हुंगेल, दोन-तीन वेळा गोल फिरेल आणि त्यावरच अंग टाकेल.